मौन म्हणजे संमती नव्हे

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात 'पूर्ण स्पर्धा' हे प्रकरण शिकविताना, ग्राहकाला बाजाराची संपूर्ण माहिती असते, हे गृहीत फळ्यावर लिहावे लागते. प्रस्तुत लेखक गेली अनेक वर्षे सोलापुरातील विद्यार्थ्यांना हे गृहीत सांगत आला आहे. गेल्या मार्च महिन्यात मात्र ते त्याच्याच अंगावर उलटले. बँकेच्या खात्यातून २,९९९ रुपये वजा झाल्याचा संदेश एका सकाळी मोबाईलवर आला. हे पैसे कोणी नेले आणि कशासाठी नेले, याचा उलगडा होण्यास दोन दिवस लागले. वर्षापूर्वी घरचा संगणक फार मंद चालू लागला, म्हणून त्याची 'साफसफाई' करणारे एक सॉफ्टवेअर ७९९ रुपयांना घेतले होते. ती एकदाच विकत घ्यावयाची वस्तू आहे, अशी समजूत होती. वस्तुतः ती वस्तू नव्हतीच. ती एक वर्षाची वर्गणी होती. दर वर्षी आपोआप चालू राहणारी. ७९९ हा दर पहिल्या वर्षापुरता होता, आणि पुढच्या वर्षीचा दर कोठे लिहिला होता, तो शोधूनच काढावा लागला.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आले, की सर्व काही अटींमध्ये नमूद आहे आणि आपण 'मला मान्य आहे' या चौकटीत खूण केलेली आहे. त्या अटी तेव्हा प्रथमच वाचल्या. लांबलचक इंग्रजी मजकुराच्या मध्यावर नूतनीकरणाचे एक वाक्य होते. बँकेनेही आदल्या दिवशी तसा संदेश पाठविला होता, हेही मग आढळले. तो जाहिरातींच्या गर्दीत दडपून गेला होता आणि त्यात कंपनीच्या नावाऐवजी पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचे नाव होते. तेव्हा कागदोपत्री सर्व ठीकच होते. फक्त ज्याचे पैसे गेले, त्याला काही ठाऊक नव्हते.

ही हकीकत शिक्षककक्षात सांगितली, तेव्हा हसे होईल असे वाटले होते. झाले उलटेच. दोघातिघांनी तेथेच आपापली खाती उघडून पाहिली. एका सहकाऱ्याच्या खात्यातून मुलीच्या संगणकाच्या संरक्षणासाठी सलग तीन वर्षे पैसे जात होते. तो संगणक तर दोन वर्षांपूर्वीच मोडीत निघाला होता. कार्यालयातील एका लिपिकाने, असे काही गेल्याचे लक्षात आले होते, पण ते बँकेचेच काही शुल्क असेल असे वाटले, म्हणून सांगितले. या सर्वांच्या बोलण्यात रागापेक्षा संकोच अधिक होता. शिकल्यासवरलेल्या माणसाने असे फसावे याची लाज वाटते आणि त्या लाजेपोटी तो गप्प बसतो. विक्रेत्याला यापेक्षा अधिक सोयीचे काय असणार?

वर्गणीची जुनी रीत

वर्गणी ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. मासिकांची वार्षिक वर्गणी आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या भरली गेली. मुदत संपत आली की, 'आपली वर्गणी या अंकासमवेत संपत आहे' अशी सूचना येई. मनिऑर्डर पाठविली तर अंक चालू राहात असे, न पाठविली तर बंद होई. गणेशोत्सवाची वर्गणीसुद्धा दर वर्षी दारात येऊन, पावती फाडूनच मागितली जाते. गेल्या वर्षी दिली होती म्हणून यंदा कोणी आपल्या खिशात हात घालीत नाही. कार्यालयातील झेरॉक्स यंत्राचा किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा वार्षिक देखभाल करार लिपिकवर्गाच्या परिचयाचा आहे. मुदत संपली की कंपनीचा माणूस कागद घेऊन येतो, दर सांगतो, सही मागतो. सही न झाल्यास करार संपतो.

या सर्व व्यवहारांत एक सूत्र समान आहे. ग्राहक गप्प राहिला तर त्याचा अर्थ 'नको' असा होतो. आज संगणकाच्या देखभालीच्या व्यापाराने नेमके हेच सूत्र उलटे केले आहे. ग्राहक गप्प राहिला, तर त्याचा अर्थ 'हवे' असा घेतला जातो. 'मौनं संमतिलक्षणम्' हे जुने वचन, पण ते बँकेच्या खात्याला लावावे अशी कल्पना कोणाला सुचली नव्हती.

कायद्याने तर ही कल्पना फार पूर्वीच नाकारलेली आहे. १८६२ साली इंग्लंडमध्ये फेल्टहाऊस विरुद्ध बिंडले हा खटला गाजला. एका काकाने पुतण्याचा घोडा घेण्याचे ठरविले आणि त्यास पत्र लिहिले, की तुझ्याकडून काही कळले नाही, तर घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. पुढे लिलाव करणाऱ्याच्या हातून तो घोडा चुकून विकला गेला आणि काका न्यायालयात गेला. न्यायालयाने ठरविले, की दुसऱ्याच्या मौनावर आपला करार कोणी लादू शकत नाही. घोडा काकाचा झालाच नव्हता. आपल्याकडील १८७२ चा करार कायदाही संमतीची व्याख्या करताना, दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली पाहिजे, असे म्हणतो. ग्राहक 'वस्तू' समजून पैसे देतो आणि विक्रेता 'कायमची वर्गणी' समजून घेतो, तेव्हा दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

अर्थात विक्रेत्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. संगणकातील व्हायरस रोखणारे सॉफ्टवेअर हे एकदा बनवून संपणारे काम नव्हे. रोज नवे उपद्रव निर्माण होतात, रोज त्यांवर उतारा शोधावा लागतो आणि त्यासाठी माणसे राबत असतात. या उद्योगात महाराष्ट्राचेही नाव आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकर यांनी पुण्यात उभ्या केलेल्या व्यवसायातून 'क्विक हील' ही कंपनी आकारास आली. अशी सॉफ्टवेअरे दुकानांतून खोक्यात मिळत आली आहेत आणि किती संगणकांसाठी, किती वर्षांसाठी, हे खोक्यावर छापलेले असते. मुदत संपली की ग्राहक पुन्हा दुकानात जातो. तेव्हा वार्षिक शुल्क आकारण्यास आमचा आक्षेप नाही. दर वर्षी सेवा मिळत असेल, तर दर वर्षी मोबदला द्यावा, हे न्यायाचेच आहे. आक्षेप आहे तो ते शुल्क लपविण्याला.

भीतीचा व्यापार

मुळात या व्यापारात ग्राहक दुबळा का ठरतो, हे पाहू. सोलापुरी चादर घेणारा ग्राहक ती हाताने चाचपून पाहतो, वीण पाहतो, भाव करतो. संगणक मंद का झाला, हे त्याला चाचपून पाहता येत नाही. 'तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले आहेत' असे पडद्यावर लाल अक्षरांत उमटले, तर ते खरे की खोटे, हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ज्याने रोगाचे निदान करावयाचे, त्यानेच औषधही विकावयाचे, असा हा प्रकार आहे. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या विचाराबद्दल त्याला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्या विषयातही तेच घडते. पहिल्या पानावरच '२,९९९ रुपये दर वर्षी' असे प्रामाणिकपणे लिहिणारा विक्रेता, '७९९ रुपये' एवढेच लिहिणाऱ्यापुढे महाग ठरतो आणि मागे पडतो. म्हणजे नुकसान केवळ ग्राहकाचे होत नाही. सचोटीने धंदा करणाऱ्याचेही होते.

भीती कशी विकली जाते, याचे एक अधिकृत उदाहरण अमेरिकेतील आहे. ऑफिस डेपो ही तेथील मोठी दुकानसाखळी ग्राहकांच्या संगणकाची मोफत तपासणी करून देत असे. तपासणीच्या आरंभी ग्राहकाला काही साधे प्रश्न विचारीत. संगणक मंद झाला आहे काय, अशा प्रकारचे. त्यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले, की तपासणीत काही सापडो वा न सापडो, संगणकात दोष असल्याचा निष्कर्ष पडद्यावर येई आणि दुरुस्तीची सेवा विकली जाई, असा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने ठेवला. २०१९ मध्ये ऑफिस डेपोने आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंपनीने मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटविले.

आपणांपैकी अनेकांना ठाऊक नसते, की विंडोजमध्ये व्हायरसपासून संरक्षण करणारी आणि नको असलेल्या फायली काढून टाकणारी साधने मुळातच दिलेली असतात. तेव्हा वेगळे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी, ते नेमके कोणते अधिक काम करणार आहे, एवढा एक प्रश्न तरी विचारावा.

विस्मरण हेच भांडवल

ग्राहक विसरतो, हा केवळ योगायोग नव्हे. काही धंद्यांचा तो पायाच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लिरान आयनाव आणि नील महोनी यांनी बेन क्लोपॅक या सहकाऱ्यासह २०२३ मध्ये एक अभ्यास मांडला. बँकेचे कार्ड बदलले, की जुन्या कार्डावरील वर्गण्या आपोआप वसूल होत नाहीत. ग्राहकाला नवे कार्ड पुन्हा नोंदवावे लागते, म्हणजेच 'मला ही सेवा हवी आहे काय?' असा विचार करावा लागतो. नेमक्या त्याच सुमारास वर्गणी सोडून देणाऱ्यांचे प्रमाण एकदम वाढते, असे त्यांना आढळले. ग्राहकांच्या दुर्लक्षामुळे विक्रेत्यांचे उत्पन्न सेवेनुसार १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहून अधिक वाढते, असा त्यांचा हिशेब आहे. विचार करण्याची वेळ आली की ग्राहक सेवा सोडतो. म्हणून ती वेळच येऊ द्यावयाची नाही, हे या व्यापाराचे तंत्र होय.

यात रक्कम लहान असणे हेही महत्त्वाचे आहे. एका माणसाचे दोनतीन हजार रुपये जातात. तेवढ्यासाठी तो भांडत बसत नाही. कंपनीकडे मात्र अशा लाखो लहान रकमा जमा होतात. पण रक्कम लहान की मोठी, हे खिशावर ठरते. आमच्या वर्गात विडी कामगार महिलांची आणि यंत्रमाग कामगारांची मुले बसतात. त्यांतील कोणी जुना संगणक विकत घेतो, तो मंद चालतो, म्हणून असेच काही सॉफ्टवेअर घेतो आणि पैसे भरण्यासाठी घरातील कोणाचे तरी खाते जोडतो. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांचे मानधन महिनोन् महिने रखडते. अशा खात्यातून एके रात्री तीन हजार रुपये नकळत वजा झाले, तर दुसऱ्या दिवशी परीक्षा शुल्क भरता येत नाही, किराणा उधारीवर आणावा लागतो. ही गोष्ट 'किरकोळ' या सदरात टाकता येणार नाही.

कायदे आहेत, अंमल कोठे आहे?

ग्राहक चळवळीचा आपल्या राज्याला अभिमान आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो त्यानंतर १९८६ मध्ये. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच महिन्यात लागू झालेल्या ई-व्यापार नियमांनी, ग्राहकाच्या वतीने आधीच खूण करून ठेवलेली चौकट संमती मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसविणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादीच अधिसूचित केली. वर्गणीचा सापळा, सॉफ्टवेअर सेवेची गुपचूप वसुली आणि व्हायरसची खोटी भीती घालून पैसे उकळणे, या तिन्ही गोष्टी त्या यादीत नावानिशी आहेत. मोफत वापराचे रूपांतर सशुल्क वापरात होताना ग्राहकाला न कळविणे, हेही त्यात दोष म्हणून नोंदविलेले आहे.

रिझर्व्ह बँकेनेही या बाबतीत काही केले नाही असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने कार्डावरून वारंवार होणाऱ्या वसुलीसाठी नियम घातले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची सक्तीने अंमलबजावणी झाली. वसुलीपूर्वी किमान २४ तास ग्राहकाला कळविले पाहिजे, कोण किती रक्कम घेणार हे सांगितले पाहिजे, आणि ती वसुली थांबविण्याची सोय दिली पाहिजे, असे ते नियम आहेत. मात्र प्रत्येक वसुलीस ग्राहकाची नव्याने मंजुरी ज्या रकमेपर्यंत लागत नाही, ती मर्यादा आधी २,००० रुपये होती, पुढे ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. घरगुती संगणकाच्या सॉफ्टवेअरचे शुल्क बहुधा या मर्यादेच्या आतच असते. मूळची २,००० ची मर्यादा राहिली असती, तर प्रस्तुत लेखकाचे २,९९९ रुपये त्याला विचारल्यावाचून गेले नसते! आणि २४ तासांची सूचना म्हणाल, तर परीक्षेच्या कामात बुडालेला शिक्षक किंवा मार्चअखेरीच्या हिशेबात गुंतलेला लिपिक एका दिवसात कोणकोणते संदेश वाचणार?

दाद मागण्याचा मार्गही सरळ नाही. सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल सोलापूरच्या ग्राहकाला येथील जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास त्यासाठी शुल्कही नाही. पण करारच अन्याय्य आहे, अशी तक्रार करावयाची असेल, तर ती जिल्हा आयोगापुढे चालत नाही. राज्य आयोगाकडे जावे लागते. तीन हजार रुपयांसाठी तेथवर कोण जाईल?

इतर देशांतही हा लढा सोपा गेलेला नाही. २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन बड्या कंपन्यांना, ग्राहकांना नीट न सांगता वर्गणीचे नूतनीकरण केल्याबद्दल प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरावयास लावले. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०१८ मध्ये चौकशी सुरू केली आणि २०२१ मध्ये मॅकॅफी व नॉर्टन या कंपन्यांकडून, आपोआप नूतनीकरण झालेल्या ग्राहकाला उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतील, अशी हमी घेतली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने वर्गणी घेणे जितके सोपे, तितकेच ती सोडणेही सोपे असावे, असा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये केला. तो मात्र कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरविला. तथापि ब्रिटनच्या उदाहरणावरून एवढे निश्चित दिसते, की नियामकाने नेट धरला, तर पैसे परत मिळू शकतात.

काय करता येईल?

आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली, पहिल्या वर्षाचा दर ज्या ठिकाणी व ज्या आकाराच्या अक्षरांत लिहिला जातो, त्याच ठिकाणी व त्याच आकारात दुसऱ्या वर्षाचाही दर लिहिणे सक्तीचे करावे. दुसरी, वार्षिक वसुलीची सूचना २४ तासांऐवजी किमान १५ दिवस आधी, आणि ग्राहकाने निवडलेल्या भाषेत द्यावी. मराठी माणसाचे पैसे मराठीत सांगून न्यावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तिसरी, ज्या खात्यावर अशा वसुलीच्या आज्ञा नोंदलेल्या असतील, त्यांची संपूर्ण यादी बँकेने वर्षातून एकदा पासबुकावर छापून द्यावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, वर्षभराच्या वर्गणीच्या बाबतीत ग्राहकाने स्पष्ट 'हो' म्हटल्याखेरीज पुढील वर्षाची वसुली होऊ नये. मासिकाच्या जुन्या वर्गणीचाच हा न्याय आहे.

तोवर आपणही स्वस्थ बसू नये. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या नावाखाली चालू आज्ञांची यादी असते. ती आजच पाहावी आणि नको ती आज्ञा रद्द करावी. तसे करण्याचा अधिकार ग्राहकाला केव्हाही आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास पैसे लागत नाहीत. महाविद्यालयांनी आणि शाळांनी आपल्या संगणक कक्षात एक तास या विषयासाठी काढला, तर पाठ्यपुस्तकातील पुष्कळशा प्रकरणांपेक्षा तो अधिक उपयोगी ठरेल.

प्रस्तुत लेखकाचे पैसे हा मजकूर लिहीपर्यंत परत आलेले नाहीत. तक्रार नोंदविली आहे, आणि रक्कम लहान आहे म्हणून ती मागे घेण्याचा विचार नाही. शिक्षककक्षातील सहकाऱ्यांनीही आपापल्या तक्रारी लिहून दिल्या आहेत. तीन हजार रुपयांसाठी कोणी भांडत नाही, या भरवशावर हा सारा व्यापार चाललेला आहे. तो भरवसा खोटा ठरविणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. ग्राहकाच्या मौनाचा अर्थ जर 'हो' असाच लावला जाणार असेल, तर त्याने मौन सोडणे भाग आहे.